योद

१

पहाटे उठले की मी आधी स्टोव्हवर पाणी ठेवायची आणि ते तापेपर्यंत श्वास करायला बसायची. 'श्वास करणं' हा आमच्या घरातला शब्द. कोणी पूजा करणं म्हणतं, कोणी नमाज पढणं म्हणतं, तसं माझे वडील श्वास करणं म्हणायचे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. वडिलांना ही रीत कोचीनहून मुंबईला आलेल्या एका म्हाताऱ्या गुरूंनी दिली होती. आमच्या देवाच्या नावात चार अक्षरं आहेत आणि ते नाव आम्ही तोंडानं उच्चारत नाही. वडील सांगायचे, उच्चारू नये, नुसता श्वास घ्यावा. पहिलं अक्षर योद, सगळ्यांत लहान, शाईच्या ठिपक्याएवढं. तेव्हा छाती रिकामी असते. मग हे, श्वास आत येतो. वाव, छाती भरलेली. परत हे, श्वास बाहेर जातो. आणि पुन्हा योद. मला ते योद फार प्रिय होतं. एक श्वास गेलेला आहे, दुसरा आलेला नाही, आणि तरी कशाचीच घाई नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, नागभीडच्या पुढे जंगलाच्या तोंडाशी एक गाव आहे. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून दवाखाना, आणि दवाखान्याच्या मागे माझी खोली. डॉक्टर आठवड्याच्या बाजाराला यायचे. एरवी मी नर्स आणि शांतवन कंपाउंडर, दोघंच.

शांतवन नगरकडचा ख्रिस्ती. त्याचीही एक रीत होती, केरळातल्या एका साधूकडून शिकलेली. श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर'. गोळ्यांच्या पुड्या बांधताना, बाटल्या विसळताना त्याचे ओठ हलत असायचे. माझ्या योदचं मात्र त्याला कोडं वाटायचं.

"सिस्टर, तुमच्या श्वासात नावच नाही," तो म्हणायचा. "रिकाम्या घरात कोणीही शिरेल."

"घर रिकामं नाही," मी म्हणायची. "झाडून ठेवलंय."

मी भित्र्या स्वभावाची नव्हते. आजही नाही.

२

गोकुळाचं बाळंतपण उन्हाळ्यात आलं, भर दुपारी. ती तलावाकाठच्या ढिवर वस्तीतली. नवरा झिंगू मासे धरायचा. सासू गुणाबाई माझ्या चांगल्या ओळखीची होती, कारण मासे तीच आणून द्यायची. खवले नसलेला मासा माझ्या धर्मात चालत नाही, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. "बाईले मागूर नाई चालत, रोहू काढ," असं ती मुलाला दटावायची.

मुलगी जन्मली, पण रडली नाही. निळसर पडलेली, ओल्या फडक्यासारखी लुळी. मी तिच्या तोंडातला चिकटा काढला. तळपायांवर टिचक्या मारल्या. गरम आणि गार पाण्याच्या घमेल्यांतून तिला आळीपाळीनं काढलं. काही उपयोग झाला नाही.

"काऊन आवाज नाई येऊन राह्यला?" गोकुळा खाटेवरून विचारत होती. "बाई, काऊन रडत नाई ते?"

मी बाळाच्या नाकातोंडावर ओठ ठेवले आणि गालातली हवा हळूच आत फुंकली. पुन्हा फुंकली. किती वेळ ते मला ठाऊक नाही. गुणाबाई नंतर म्हणाली की सावली भिंतीवर चढली होती. मला घाम येत होता, डोकं हलकं झालं होतं, आणि माझ्या नकळत मी पहाटेच्या लयीत शिरले. घ्यायचा, थांबायचं, तिच्यात सोडायचा, थांबायचं.

अशाच एका थांबण्यात, माझी छाती पूर्ण रिकामी असताना, तिनं श्वास ओढला.

मी माझ्या ओठांवर तो ओढला जाताना अनुभवला. तो बाहेरच्या हवेतून आला नाही. माझ्या बरगड्यांच्या आतून काहीतरी निघालं, जिथं हवा उरलेली नव्हती तिथून. एखादा धागा शिवणीतून सरसर ओढून घ्यावा तसं.

ती तरीही रडली नाही. तिनं डोळे उघडले आणि रंग बदलत गेला, निळ्याचा तांबूस.

"तुमचा जीव लागला पोरीले, बाई," गुणाबाई म्हणाली.

मी हसले. जीव लागणं म्हणजे माया जडणं, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. पोरीचं नाव कुंता ठेवलं.

३

नुकतं जन्मलेलं मूल भराभर श्वास घेतं, मध्येच थबकतं, पुन्हा धापा टाकल्यासारखं घेऊ लागतं. शेकडो पोरं पाहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. कुंता तशी श्वास घेत नव्हती. तिचं पोट संथ फुगायचं. थांबायचं. संथ बसायचं. थांबायचं.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं. "हृदय उत्तम, छाती साफ," ते म्हणाले. "शांत मूल आहे. त्याची तक्रार कसली?"

मलाही ते पटलं. अवघड जन्म झाला होता, थोडं वेगळं असायचंच.

त्यानंतर काही दिवसांनी पहाटे मी बसले होते. श्वास सोडला, योदमध्ये आले, आणि खोलीत कोणीतरी श्वास आत घेतला.

लहानसा आवाज होता. दगडावर चिकटलेलं ओलं कापड उचलावं तसा. मी डोळे उघडले. खाट होती, पत्र्याची पेटी होती, दोरीवर माझं पांढरं लुगडं वाळत होतं. स्टोव्ह फुरफुरत होता. स्टोव्हच असणार म्हणून मी तो विझवला आणि पुन्हा बसले. श्वास आत, थांबणं, बाहेर. रिकामी छाती. आणि परत तोच आवाज, आता अधिक स्वच्छ, माझ्या उजव्या खांद्याच्या मागून.

मी कानांत कापूस घातला. तरी आवाज तेवढाच राहिला. बाहेरचा असता तर दबला असता, म्हणजे आतला आहे, कानातल्या रक्ताचा आहे, असं मी ठरवलं. नर्सला शोभेल असंच हे उत्तर होतं. मी चहा केला आणि कामाला लागले.

४

खरं काय ते दवाखान्यात कळलं. झिंगूच्या पायात काच घुसली होती. त्याला टाके घालायचे होते. गुणाबाई कुंताला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवताना माणूस श्वास धरतो, सगळेच धरतात. दोरा नवा होता, टोक फुटत होतं, मला वेळ लागला.

"बाई," गुणाबाई म्हणाली, "पोरीले पाहा जरा."

कुंताचे ओठ काळेनिळे झाले होते. माझ्या हातून सुई पडली, मी दचकून मोठा श्वास घेतला, आणि त्याच क्षणी कुंतानं घेतला. पुढचा मी घाईनं घेतला, तिनंही घाईनं घेतला. मी मुद्दाम जोरजोरात घेऊ लागले. एवढंसं पोट माझ्याबरोबर धपापायला लागलं.

शांतवन मलमपट्टीचं ताट घेऊन दारात उभा होता. त्याचे ओठ थांबले होते.

झिंगूला टाके घालून ती सगळी गेल्यावर तो म्हणाला, "सिस्टर, पहाटेचं बसणं सोडा."

"त्यानं काय होईल?"

"मला नाही माहीत. पण तुम्ही जिथं थांबता, तिथून ती पितेय."

मी बसणं सोडलं. त्यानं काही बदललं नाही, आणि बिघडलंही नाही. मला खोकला झाला की कुंताचं पोट उडायचं, घशातून आवाज मात्र यायचा नाही. नागभीडची बस धरायला मी धावले की गुणाबाई संध्याकाळी सांगायची, "दुपारी पोरगी पडल्या पडल्या दमली, बाई. कुठी पळाल्या होत्या?" तिनं हे मान्य करून टाकलं होतं. तलावाचं पाणी कुठं खोल आहे ते जसं ती मान्य करायची, तसंच.

मीही शिकले. श्वास न धरता सुईत दोरा ओवायला शिकले. धावायचं सोडलं. तीन-चार वर्षं अशी गेली. ती मला जड गेली नाहीत. कुंता चालायला लागली, बोलायला लागली, पाळीवरून हिंडायला लागली. पाहणाऱ्याला त्या पोरीत वावगं काही दिसलं नसतं. फक्त ती खेळताना कधी धापा टाकत नसे. सगळी पोरं दमून मातीत लोळायची आणि ही मध्ये उभी असायची, संथ, प्रार्थनेला बसलेल्या माणसासारखी.

५

थंडीत माझा थोरला भाऊ हायम मुंबईहून आला. आमचे बहुतेक नातलग इस्राएलला निघून गेले होते. आता तो आणि वहिनी निघाले होते आणि माझीही जागा बोटीवर ठरवून आला होता.

"तुझं इथं कोण आहे, मिल्का?" त्यानं विचारलं. खोलीच्या चौकटीवरचा मेजूजा, पवित्र वचनांची ती लहानशी डबी, तो बोटांनी चाचपत होता. "वडिलांनी लावला तसाच लावलायस. पण शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याबरोबर शब्बाथचा दिवा लावायला एक माणूस नाही."

त्याला काय सांगणार? सांगायला तोंड उघडलं, तेव्हाच मला माझी लाज वाटली. मी शिकलेली बाई. एका जीवाच्या फुप्फुसांवर दुसरा जीव चालत नसतो. योगायोग साठत गेले, एका भोळ्या म्हातारीनं ते मोजले आणि मी ऐकत बसले. कुंताचा श्वास जन्मापासून संथ आहे, माझाही संथ आहे, दोन घड्याळं एका भिंतीवर टिकटिकतात तसं. मी हायमला हो म्हटलं.

निघायच्या दिवशी वस्तीतली सगळी बसपाशी आली. गोकुळा रडली. गुणाबाईनं वाळलेली मासळी बांधून दिली, सगळी खवल्यांची.

"पोरीले सांगून जा," ती म्हणाली.

मी वाकले. "कुंता, मी लांब चालले. आजीचं ऐकायचं."

कुंतानं माझ्या छातीवर तळवा ठेवला. दार बंद आहे का ते बघावं तसा दाबला.

"हे कोनाजवळ ठेवून चालल्या?" तिनं विचारलं.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

६

नागभीडला छोटी गाडी फलाटावर उभी होती. हायमनं सामान चढवलं. मी खिडकीशी बसले. बाहेर शेंगा विकणारा ओरडत होता. डब्यात एक बाई मुलाला भात भरवत होती. सगळं नेहमीसारखं होतं, आणि माझ्या नाकात चिखलाचा वास आला.

गार, शेवाळी वास. मी श्वास सोडला आणि पुढचा आला नाही.

कोंडल्यासारखं वाटलं नाही, हे विशेष. घसा मोकळा होता, छाती मोकळी होती. योद होतं, पण मी त्यात बसलेली नव्हते, मला त्यात बसवलेलं होतं. मग फार वेळानं श्वास आला. तो मी घेतला नाही. आला, थांबला, गेला. तोंडात पाण्याची चव ठेवून गेला.

मी उठून खाली उतरले.

"मिल्का, गाडी सुटतेय," हायम म्हणाला.

"तू पुढे हो, दादा. पोरगी पाण्यात आहे."

"कोणती पोरगी?"

मी थांबले नाही. स्टेशनाबाहेर बांबू घेऊन जाणारा एक ट्रक आमच्याच रस्त्याला निघाला होता. ड्रायव्हरनं माझा पांढरा वेष पाहून काही न विचारता चढवून घेतलं. वाटेभर मी श्वास केला. वडिलांनी शिकवला तसा, एकही न चुकवता. आत, भरलेली, बाहेर, रिकामी. रस्ता खड्ड्यांचा होता, बांबू मागे आपटत होते, आणि मला एवढंच कळत होतं की लय तुटता कामा नये.

पाळीवर माणसं जमली होती. झिंगू आणि आणखी दोघे बुड्या मारत होते.

"बस गेली तवापासून दिसली नाई," गुणाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "तुमाले पाहाले पाळीवर चढली होती."

बस गेल्याला केवढा वेळ झाला होता. जमलेल्यांपैकी एकानं नंतर सांगितलं की नाही, त्यानं पोरीला थोड्या वेळापूर्वीच काठाशी पाहिलं होतं. ते खरं असेल. तसं असेल तर उरलेलं सगळं साधं आहे, आणि मी त्या माणसाला खोटं पाडत नाही.

तलावात कमळाची पानं पसरली होती. वारा नव्हता. पानं आरशासारखी निवांत पडली होती. फक्त जुन्या दगडी पायऱ्यांपाशी, झिंगू शोधत होता त्याच्या उलट बाजूला, पानांचा एक पुंजका वर उचलला जात होता. थांबत होता. खाली बसत होता. थांबत होता.

मी लुगड्यानिशी पाण्यात शिरले.

७

पाणी छातीपर्यंत आलं. मी पानं बाजूला सारली. दुपारचं ऊन सरळ तळापर्यंत गेलं होतं.

कुंता तळाशी निजलेली होती, उताणी, डोळे उघडे. तिचं पोट फुगत होतं आणि बसत होतं. एकही बुडबुडा वर येत नव्हता.

आणि तिच्यावर एक बाई वाकलेली होती. मला तिची पाठ दिसली. पांढरं लुगडं, पदर खांद्यावर पिनेनं टाचलेला, इस्पितळात शिकवतात तसा. केसांचा घट्ट अंबाडा. ओठ पोरीच्या ओठांवर ठेवून ती फुंकत होती, अजिबात घाई न करता. अंबाड्याखालचा मानेवरचा तीळ मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही, तो कोणालाच स्वतःचा दिसत नाही. पण तो माझ्या मानेवर आहे, असं आई सांगायची.

पाण्यात सावली पडली, प्रतिबिंब मोडलं, घाबरलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं. हे सगळं मी तेव्हाच स्वतःला सांगितलं. सांगत असतानाच त्या बाईनं फुंकायचं थांबवलं आणि तिची मान हलली. ती वळून पाहणार होती.

मी तिला वळू दिलं नाही. खाली बुडी मारून दोन्ही हातांनी कुंताला धरलं आणि वर ओढलं. माझ्या हाताच्या मागच्या बाजूला कापड घासलं, आणि कापडाखाली काहीतरी ऊबदार होतं.

वर येताच कुंता खोकली. घशातून, आवाज करून. मग ती रडली. जन्मल्यापासून पहिल्यांदा, भोकाड पसरून, तोंड वाकडं करून, उचक्या देत, वेडावाकडा श्वास घेत रडली. काठावर गोकुळानं तिला माझ्या हातून घेतलं. गुणाबाईनं पोरीच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे आता तिचं तिचं चालून राह्यलं," ती म्हणाली.

८

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी कुंता अंगणात झोपलेली असताना मी पाळीवरून मुद्दाम धावले, दम लागेपर्यंत. कुंता ढिम्म हलली नाही. आता ती इतर पोरांसारखी खेळते, दमते, लाल होते, मातीत लोळते. पाण्यातलं तिला काही आठवत नाही.

हायम परत आला होता. त्यानं आणखी एकदा विचारलं आणि मी नाही म्हणाले. मला अडवणारं आता काही नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं, म्हणून त्याला ते फार लागलं. शेवटी त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, वडील शुक्रवारी द्यायचे तसा, आणि गेला. त्यांची बोट सुखरूप पोचली.

मी इथंच आहे. बाळंतपणं करते, टाके घालते, हवं तेव्हा धावते. पहाटे आता मी खोलीत बसत नाही, पाळीवर बसते. दगडी पायऱ्यांपाशी पानांचा तो पुंजका अजून आहे. मी श्वास घेते तेव्हा तो उचलला जातो, सोडते तेव्हा बसतो. खाली झरा असेल, असं झिंगू म्हणतो. शांतवन एकदा माझ्याबरोबर येऊन बसला, शेवटपर्यंत पाहिलं, आणि त्याच्या प्रभूचं नाव पुटपुटत परत गेला. पुन्हा आला नाही, पण मला जा असंही म्हणाला नाही. पोरीवरून जे उतरलं ते तिथं आहे आणि माझ्या श्वासावर चालतं, अशी माझी पक्की समजूत होती. ते मी सांभाळू शकते, असंही मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मी ते पडताळून पाहायचं ठरवलं. स्वच्छ सकाळ होती, पाण्यावर धुकं नव्हतं. मी श्वास सोडला आणि योदमध्ये थांबले. पानं खाली बसली आणि थांबली. छाती हवा मागू लागली तरी मी दिली नाही. कानशिलं ठणकू लागली. मी हाताची मूठ वळली आणि थांबूनच राहिले.

मग पानं उठली. आणि त्यांच्यामागून माझी छाती.